‘अनइन्स्टॉल’ केल्यावरही मागे काय उरते? घरच्या संगणकातील छुप्या सॉफ्टवेअरचा माग

नवी दिल्ली : नेहरू प्लेसच्या बाजारातून आणलेला किंवा ऑनलाइन मागवलेला नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, की मालकाने न मागितलेल्या अनेक गोष्टी त्यात आधीच बसवलेल्या आढळतात. काही दिवसांच्या चाचणीपुरता दिलेला अँटिव्हायरस, दोन-चार खेळ, खरेदीच्या संकेतस्थळांचे दुवे, उत्पादक कंपनीचा स्वतःचा ‘साहाय्यक’. सॉफ्टवेअर कंपन्या या जागेसाठी उत्पादकांना पैसे मोजतात, आणि संगणकाच्या विक्रीतील तुटपुंजा नफा त्यातून थोडा भरून निघतो. यांतील बहुतेक सॉफ्टवेअर निरुपद्रवी असते; ते जागा अडवते आणि संगणक सुरू होण्यास वेळ लावते, इतकेच. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’च्या यादीतून ते काढताही येते. खरा प्रश्न त्या यादीत न दिसणाऱ्या, किंवा यादीतून गेल्यावरही मागे काही ठेवून जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे.

याचे सर्वात बोलके उदाहरण फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीस आले. लेनोव्हो कंपनीच्या काही घरगुती लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचे जाहिराती दाखवणारे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच बसवलेले होते. ब्राउझर बँकेचे संकेतस्थळ ओळखतो ते त्याच्या सुरक्षा प्रमाणपत्रावरून, आणि ते प्रमाणपत्र खरे मानायचे की नाही हे संगणकात साठवलेल्या विश्वासार्ह संस्थांच्या मूळ प्रमाणपत्रांवरून ठरते. सुपरफिशने या यादीत स्वतःचेच मूळ प्रमाणपत्र घुसवले. त्यामुळे बँकेशी होणाऱ्या कुलूपबंद संवादातही डोकावून जाहिराती पेरणे त्याला शक्य झाले. त्याहून गंभीर बाब म्हणजे या प्रमाणपत्राची गुप्त कळ सर्व लॅपटॉपमध्ये एकच होती. तिचा पासवर्ड एका संशोधकाने काही तासांतच शोधून काढला. संवाद अडवणारा घटक ज्या कंपनीने बनवला, तिचेच नाव पासवर्ड म्हणून ठेवलेले होते. ही कळ हाती असलेला कोणीही एकाच वायफायवर बसून बँकेचे बनावट पान दाखवू शकला असता, आणि ब्राउझरमधील कुलपाचे चिन्ह जसेच्या तसे राहिले असते.

ज्यांनी घाईघाईने सुपरफिश ‘अनइन्स्टॉल’ केले, त्यांच्या संगणकातून कार्यक्रम गेला, पण प्रमाणपत्र तिथेच राहिले. ते स्वतंत्रपणे काढावे लागले. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीनुसार, असे सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी ग्राहकाची स्पष्ट संमती घेण्याचे बंधन लेनोव्होवर आले.

त्याच वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, याच कंपनीच्या काही संगणकांत आणखी खोलवरचा प्रकार आढळला. तेथे सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवर नव्हे, तर मदरबोर्डवरील ‘बायोस’मध्ये होते. डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवले, तरी संगणक सुरू होताच ते पुन्हा अवतरत असे. त्यावर उपाय म्हणून कंपनीने बायोसचे अद्ययावत रूप दिले.

दिल्ली परिसरातील ग्राहकांना मात्र उत्पादकापेक्षा विक्रेत्याकडून येणाऱ्या सॉफ्टवेअरचा धोका अधिक जवळचा आहे. अमेरिकी व्यापार प्रतिनिधी कार्यालयाच्या बदनाम बाजारांच्या यादीत नेहरू प्लेसचे नाव पूर्वी काही वर्षे झळकले, ते प्रामुख्याने बनावट सॉफ्टवेअरमुळे. जोडणी करून घेतलेल्या किंवा जुन्या संगणकावर परवाना नसलेले विंडोज घालून दिले जाते, तेव्हा ते ‘सक्रिय’ करण्यासाठी एक छोटा कार्यक्रम वापरला जातो. असा कार्यक्रम चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. अनेकदा तो विंडोज डिफेंडरच्या ‘एक्सक्लुजन’ यादीत, म्हणजे तपासणीतून वगळायच्या फोल्डरांत, आपली जागा करून घेतो. पहारेकऱ्यालाच त्या खोलीकडे पाहू नकोस असे सांगण्याचा हा प्रकार. त्यानंतर कितीही वेळा ‘स्कॅन’ केले, तरी सर्व काही ठीक असल्याचाच निर्वाळा मिळतो. म्हणून सफाईची सुरुवात ही यादी तपासण्यापासून करणे श्रेयस्कर; मालकाने स्वतः न घातलेली कोणतीही नोंद तेथे असू नये.

त्यानंतर ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ करता येते. यात विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणी होते आणि छुप्या सॉफ्टवेअरला लपण्यास वाव कमी मिळतो. मायक्रोसॉफ्टचेच ‘ऑटोरन्स’ हे विनामूल्य साधन संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी प्रत्येक गोष्ट दाखवते. तेथे थेट काही पुसून न टाकता आधी फक्त खूण काढून पाहावे; टचपॅड, ध्वनी किंवा बॅटरीशी संबंधित घटकही त्याच यादीत असतात.

केंद्र सरकारची यंत्रणाही उपलब्ध आहे. ‘सर्ट-इन’ ही संस्था चालवत असलेले सायबर स्वच्छता केंद्र २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झाले. बाधित संगणकांची माहिती इंटरनेट सेवा कंपन्यांमार्फत ग्राहकापर्यंत पोहोचवणे आणि सफाईचे साधन विनामूल्य देणे, हे त्याचे काम. हे साधन पुरवण्यात पुण्याच्या ‘क्विक हील’चा सहभाग राहिला आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी उभी केलेली ही कंपनी.

संशय तरीही राहिला, तर विंडोज नव्याने बसवणे हाच खात्रीचा मार्ग. उत्पादकाने डिस्कवर ठेवलेल्या प्रतीतून संगणक मूळ स्थितीत आणल्यास नको असलेले सॉफ्टवेअरही परत येऊ शकते, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून पेन ड्राइव्ह तयार करणे उत्तम. तोही दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर. त्याआधी कागदपत्रे व छायाचित्रे वेगळी साठवावीत, जुने कार्यक्रम मात्र सोबत घेऊ नयेत. डिस्क ‘बिटलॉकर’ने बंद असेल, तर तिची पुनर्प्राप्ती कळ आधीच टिपून ठेवावी, ती नसल्यास स्वतःच्याच माहितीचे दार बंद होते. बँक आणि ईमेलचे पासवर्ड बदलायचे ते सफाईनंतर. आधी बदललेले पासवर्ड छुप्या सॉफ्टवेअरच्याच हाती लागतात.

या सगळ्यात एक मोह टाळावा लागतो. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर संपर्क साधा’ अशी सूचना पडद्यावर झळकली, तर ती विंडोजची नसते. मायक्रोसॉफ्टच्या सूचनांमध्ये दूरध्वनी क्रमांक दिला जात नाही. तंत्रसाहाय्याच्या नावाने लुबाडणाऱ्या बनावट कॉल सेंटरवर नोएडा व गुरुग्राममध्ये पोलिसांनी वेळोवेळी कारवाई केली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने राबवलेल्या ‘ऑपरेशन चक्र-२’ मागे मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींचाही आधार होता. अशा व्यक्तीला संगणकाचा दूरस्थ ताबा दिला गेला असेल, तर प्रथम इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे आणि पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनाविलंब तक्रार नोंदवावी.