मंद नाडीचें मर्म

नित्य धांवणाऱ्या मनुष्याची नाडी विश्रांतीच्या वेळीं मंद कां चालते? स्वस्थ बसलेल्या प्रौढाची नाडी मिनिटास सामान्यतः ६० ते १०० ठोके देते. कसलेल्या धांवपटूची ४० ते ५० पर्यंतहि उतरते. हें दुर्बलतेचें नव्हे, हृदयाच्या सामर्थ्याचें लक्षण होय.

विहिरीवर लहान पोहऱ्यानें हौद भरावयाचा तर खेपा पुष्कळ. मोठ्या मोटेनें थोड्या. तद्वत् एका ठोक्यास ७० मिलिलिटर रक्त लोटणाऱ्या हृदयास सुमारें ५ लिटर रक्त फिरविण्यास ७० ठोके लागतात. १०० मिलिलिटर लोटणारें हृदय तेंच काम ५० ठोक्यांत करितें. दीर्घ व्यायामानें हृदयाचे कप्पे विस्तारतात व आकुंचन जोरदार होतें.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे लहानपणीं कित्येक मैल पायीं शाळेस जात. पुढें सैन्यांत जाऊन त्यांनीं धांवण्याचा कसून सराव केला, आणि २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल सामन्यांत ३००० मीटर स्टीपलचेस शर्यत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत धांवून रौप्यपदक मिळविलें. असा दम एका दिवसांत येत नाहीं. व्यायाम सुटला कीं हृदयाचा लाभहि हळूहळू ओसरतो.

सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वीं दोन बोटें मनगटावर ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजावे. मुलांची नाडी स्वभावतःच जलद असते. म्हणून पालकांनीं मुलाच्या आंकड्याची तुलना त्याच्याच मागील आंकड्याशीं करावी. मात्र मंद नाडीबरोबर घेरी, धाप किंवा मूर्च्छा येत असेल, तर ती सामर्थ्याची खूण न समजतां डॉक्टरांस अवश्य दाखवावें.