तेलगळती, जुन्या एंजिनातील

एंजिनातील वंगण तेल सांध्यांतून वा फिरत्या दंडांच्या कडेने बाहेर पाझरणे म्हणजे तेलगळती होय. मुंबईत कुर्ला येथे बनणाऱ्या आणि २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या (१,०८९ घ. सेंमी., चार सिलिंडर) जुन्या मोटारगाड्यांत बुचाची वा कागदाची गॅस्केटे कालांतराने कडक होऊन आकसतात व तेल झिरपू लागते. हे तेल गुरुत्वाकर्षणाने खाली आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकत असल्याने ते जेथे ठिबकते तेच गळतीचे उगमस्थान असते असे नाही. झडपांवरील झाकणातून पाझरलेले तेल एंजिनाच्या मागील बाजूने उतरते व क्रँकशाफ्टचे मागील सील निकामी झाल्याचा भास होतो. ते सील बदलण्यासाठी गिअरपेटी उतरवावी लागत असल्यामुळे निदान चुकल्यास खर्च व श्रम व्यर्थ जातात. याकरिता एंजिन प्रथम धुऊन वाळवितात, संशयित सांध्यांवर शंखजिऱ्याची पूड भुरभुरतात व एंजिन थोडा वेळ चालवून सर्वांत वरचा आणि पुढचा ओला डाग शोधतात. अनेक सांधे एकाच वेळी पाझरत असल्यास एंजिनाची श्वसननलिका तुंबली आहे का किंवा दट्ट्यांवरील कडी झिजली आहेत का, हे आधी तपासतात. कारण अशा वेळी आतील वायूंचा दाब वाढून तेल बाहेर ढकलले जाते व नवी गॅस्केटेही टिकत नाहीत.