‘हरताळ’ आणि ‘संप’: व्युत्पत्ति व अर्थभेद

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांस ‘हरताळ’ हा शब्द एका अर्थानें परिचित आहे, व वर्तमानपत्रें वाचणाऱ्यांस दुसऱ्या. दोन्ही अर्थांचें मूळ एकच समजून, व्यवहार पुसून टाकणें तो हरताळ, अशी उपपत्ति सुचण्याचा संभव आहे. ती ग्राह्य नाहीं.

पोथींतील हरताळ म्हणजे संस्कृत ‘हरिताल’. आर्सेनिक व गंधक यांच्या संयोगाचें पिवळें खनिज. पोथी लिहिणारा चुकलेल्या अक्षरांवर त्याचा लेप देई व वाळल्यावर त्यावर शुद्ध पाठ लिही. वचनास ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार यावरूनच आला. (अशा जागा संग्राहकांनीं खरवडूं नयेत, पाठशोधनाचा पुरावा नष्ट होतो, आणि द्रव्य विषारी आहे.)

बाजारांतील हरताळ निराळा. ‘हट्ट’ म्हणजे बाजार व ‘ताल’ म्हणजे कुलूप किंवा अडसर, अशा दोन शब्दांपासून तो झाला. हिंदींत खनिज तें ‘हरताल’ व बाजारबंदी ती ‘हड़ताल’ असा भेद कायम आहे. गुजरातींतही ‘हडताळ’ असा डकार राहिला आहे. मराठींत डकाराच्या जागीं रकार आल्यामुळें दोन्ही शब्द एकरूप दिसूं लागले. सबब कागदांत हा शब्द आढळल्यास क्रियापद पाहावें. ‘लावणें’, ‘फासणें’ असल्यास खनिज. ‘पाडणें’, ‘पाळणें’ असल्यास बाजार.

या नकाराचें जुनें उदाहरण सुरतेचें. 1669 सालीं काजीच्या जुलमास कंटाळून तेथील वाणी मंडळी भडोचेस निघून गेली. महाजनाच्या आज्ञेवांचून कोणीं दुकान उघडावयाचें नाहीं, असा त्यांनीं निर्बंध घातल्याचें इंग्रज वखारीच्या पत्रव्यवहारांत नमूद आहे. रौलट कायद्याविरुद्ध मुंबईंत 6 एप्रिल 1919 रोजीं पडलेला हरताळ याच जातीचा.

परंतु ज्यास दुकानच नाहीं त्यानें टाळें कशास लावावें? त्याजपाशीं नाकारण्याजोगी वस्तु एकच, स्वतःचे श्रम. आणि त्या एकट्यानें नाकारून उपयोग नाहीं. येथें मराठीनें ‘संप’ हा शब्द योजिला. गुजरातींत संप म्हणजे ऐक्य. गोविंदगुरूंनीं 1883 सालीं भिल्लांत स्थापिलेल्या ‘संप सभे’च्या नांवांतही तोच अर्थ आहे. मराठींत मात्र ऐक्याचें नांव त्या ऐक्यानें केलेल्या कृतीसच मिळालें. अलिबागनजीक चरी येथें 1933 पासून सहा वर्षें कुळांनीं जमिनी कसल्या नाहींत, तोही संपच म्हटला गेला.

हा भेद मुंबईंत अँटॉप हिलच्या आसपासच पारखतां येतो. नैर्ऋत्येस परळ-लालबागच्या गिरण्या 1928 सालीं सुमारें सहा महिने बंद राहिल्या, तो संप. लगतच्या वडाळ्यास 1930 सालीं लोकांनीं मिठागरांवर चाल केली, ती हरताळही नव्हे व संपही नव्हे. तेथें कांहीं बंद ठेविलें नव्हतें, निषिद्ध मीठ उघडपणें उचललें होतें. म्हणून तो सत्याग्रह.

हिंदींत बाजार व गिरणी दोहोंस ‘हड़ताल’ हा एकच शब्द चालतो. मराठींत बाजारबंदीस आतां ‘बंद’ हा शब्द रूढ झाला असून हरताळ बहुधा वाक्प्रचारांतच उरला आहे. यामुळें पूर्वीचे कागद वाचतांना अर्थविपर्यास होण्याचें भय वाढलें आहे. लिहिणाऱ्यानें दोहोंपैकीं कोणता शब्द योजिला यावरून नाकारणारा दुकानदार होता कीं श्रमिक, याचा बहुधा निर्णय होतो; तो पुरावा प्रतिलेख करतांना शब्द बदलून गमावूं नये.