संशय आधी बाईवरच का?

मैत्रिणींनो, गुन्ह्याच्या गोष्टी आपल्याला मनापासून आवडतात. दुपारी कामं आटोपली की टीव्हीवर अशी मालिका लावायची आणि खुनी कोण याचा अंदाज बांधायचा, हे आपल्या जालन्यातही घरोघरी चालतं. पण हा अंदाज आपण कशावरून बांधतो? ‘इत्तेफाक’ हा १९६९चा सिनेमा आणि त्याच नावाचा २०१७चा नवा अवतार पाहिला की याचा विचार करावासा वाटतो.

या धाटणीचे सिनेमे १९४०च्या दशकात अमेरिकेत रुजले. फ्रेंच समीक्षकांनी त्यांना ‘नॉयर’, म्हणजे ‘काळा’, असं नाव दिलं. काळोख, सावल्या, आणि बऱ्याचदा पुरुषाला जाळ्यात ओढणारी एक देखणी बाई. १९४४च्या ‘डबल इन्डेम्निटी’मध्ये बायको विमा एजंटाला हाताशी धरून नवऱ्याचा काटा काढते.

आपल्याकडे यश चोप्रांनी ‘इत्तेफाक’ काढला तो ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार (राजेश खन्ना) वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि पावसाळी रात्री एका घरात शिरतो. घरात बाई एकटीच. सिनेमात गाणं एकही नाही, त्या काळी हे धाडसच! ती बाई झाली होती आपली नंदा, मास्टर विनायकांची लेक. ‘छोटी बहन’पासून (१९५९) प्रेक्षकांनी तिला सोशिक, गुणी मुलगी म्हणूनच पाहिलं होतं. त्यामुळे शेवटचा धक्का जबर बसतो. नवऱ्याचा खून तिनेच प्रियकराच्या साथीनं केलेला असतो. आणि चित्रकाराच्या बायकोला कुणी मारलं? तिच्या सख्ख्या बहिणीनं. म्हणजे दोन्ही खुनांत बाईच!

अठ्ठेचाळीस वर्षांनी बी. आर. चोप्रांचे नातू अभय चोप्रा यांनी हीच गोष्ट पुन्हा मांडली. (शेवट सांगते आहे, राग मानू नका.) आता काळ मोबाईलचा. चित्रकाराच्या जागी नामवंत लेखक आला. तो आणि घरातली माया, दोघं पोलिसांना त्या रात्रीची वेगवेगळी हकिगत सांगतात. माया काहीतरी लपवते, म्हणून पोलिसांसारखाच आपलाही संशय तिच्यावर जातो. खरा गुन्हेगार मात्र तो लेखक असतो. गोष्टी रचण्यात पटाईत असलेला हा गृहस्थ सगळ्यांना बनवून देशाबाहेर निघून जातो.

मला वाटतं, जुनी गोष्ट नव्या काळासाठी करणं म्हणजे नुसते कपडे आणि फोन बदलणं नव्हे. ‘बाईनंच केलं असेल’ ही आपल्या मनातली खात्री नव्या दिग्दर्शकानं ओळखली आणि तिथेच आपल्याला फसवलं.

ही खात्री सिनेमापुरती असती तर प्रश्नच नव्हता. सामाजिक कामानिमित्त मी अंबड, घनसावंगीकडच्या गावांत जाते. एका घरी तरुण शेतकऱ्यानं कर्जापायी जीव दिला होता. दहावाही झाला नव्हता, आणि ओसरीवर बायका कुजबुजत होत्या, “हिचंच काहीतरी असंल.” दुसरी म्हणाली, “पायगुणच वाईट हिचा.” सावकाराचं नाव कुणी घेतलं नाही की न पडलेल्या पावसाचं. पुढे याच बोलण्याच्या आधारानं तिला दोन लेकरांसह माहेरी धाडलं आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लावायचं राहूनच गेलं.

गुन्ह्याच्या गोष्टीत हुशार इन्स्पेक्टर आधी विचारतो, यात फायदा कुणाचा? तोच प्रश्न आपणही अशा वेळी विचारायला हवा. विधवा बदनाम झाली की तिचा हिस्सा कुणाच्या पदरात पडतो? १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीनं पहिल्या वर्गाची वारस मानलं आहे. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो, त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नसते. पण दुःखात बुडालेल्या, वर दोषी ठरवलेल्या बाईला हे सांगणार कोण?

आपणच की! पुढच्या वेळी अशा घरी भेटायला गेलात तर कुजबुजीत सामील होऊ नका. तिच्याजवळ बसा, वारस नोंदीचं सांगा आणि जमलं तर तलाठी कार्यालयात तिच्यासोबत जा.