बालकाच्या विकासाचे टप्पे : वैद्यांनी ठेवावयाची नोंद

“मूल अजून चालत नाही, काही ताकदीचे औषध द्या,” ही पालकांची मागणी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. अशा वेळी अरविंदासवाची बाटली देणे सोपे असते. परंतु बालकाचे वय व विकास यांचा मेळ आधी पाहणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

एक वर्षाचे होऊनही पायांनी न चालणाऱ्या बालकास काश्यपसंहितेने ‘फक्क’ म्हटले असून त्याचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन भेद सांगितले आहेत. चालण्याच्या सरावासाठी तीन चाकांचा रथही वर्णिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांच्या निरीक्षणावरून २००६ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, बालक सुमारे ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान स्वतंत्रपणे चालू लागते. म्हणून एक वर्ष ही बारकाईने तपासण्याची, तर १८ महिने ही तज्ज्ञांकडे पाठविण्याची मर्यादा समजावी.

पुढील लक्षणे आढळल्यास थांबू नये :

१) ३ महिन्यांपर्यंत माणसाकडे पाहून न हसणे.
२) ५ महिन्यांपर्यंत मान न धरणे.
३) १० महिन्यांपर्यंत आधाराविना न बसणे.
४) वर्षाच्या सुमारास हाकेला प्रतिसाद न देणे.
५) १८ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द न बोलणे.
६) आलेले कौशल्य कोणत्याही वयात गमावणे.

अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे वय मोजताना, जितके आठवडे ते आधी जन्मले तितके वजा करावेत.

कराड, वाळवा परिसरात गळीत हंगामात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या बालकांची नोंद गावोगावी तुटते. त्यांच्या माता-बाल संरक्षण कार्डावर तपासणीची तारीख व निरीक्षण लिहून द्यावे. पुढच्या गावच्या वैद्यास तोच आधार असतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी अंतर्भूत आहे. अंगणवाडी अथवा शासकीय रुग्णालयामार्फत त्याचा लाभ मिळवून द्यावा.

औषधविक्रेते बंधूंनीही बालकांसाठी बल्य औषध मागणाऱ्यास “मूल किती महिन्यांचे? बसते का? हाकेला वळून पाहते का?” एवढे अवश्य विचारावे. अभ्यंग, आहार व औषध यांची योजना तज्ज्ञांच्या तपासणीबरोबरच चालू राहू शकते. मात्र बहिरेपणा किंवा थायरॉइडची जन्मजात न्यूनता असल्यास वाया गेलेले महिने कोणतेही रसायन परत देऊ शकत नाही.