सूर्याचा अवरोह

फेब्रुवारी १९४२. ब्रिटिश सैन्याच्या रडार यंत्रांवर अचानक प्रचंड गोंगाट उमटू लागला. पंधरवड्यापूर्वीच जर्मनांनी रडारमध्ये असाच अडथळा आणून इंग्लिश खाडीतून आपल्या युद्धनौका निसटवल्या होत्या. साहजिकच संशय शत्रूवर गेला. जेम्स हे या शास्त्रज्ञाने मात्र गोंगाटाची दिशा तपासली. ती सूर्याबरोबर सरकत होती आणि सूर्यबिंबावर मोठा डाग होता! सूर्याच्या उद्रेकांचा ‘आवाज’ माणसाला असा ऐकू आला.

युद्धानंतर ऑस्ट्रेलियात पॉल वाइल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रेडिओलहरींची वर्गवारी केली. त्यांतल्या काही वरच्या कंप्रतेवरून खाली उतरत जातात, जणू गायकाचा अवरोह. त्याचे कारण प्रभामंडलाच्या घनतेत आहे. तेथील प्लाझ्मा जितका दाट, तितकी त्यातून उमटणाऱ्या लहरींची कंप्रता जास्त. उद्रेकातून सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेर धावतात, वाटेतला प्लाझ्मा विरळ होत जातो आणि सूर उतरतो. तो किती झपाट्याने उतरला, यावरून वेग काढता येतो. काही सेकंदांत उतरणारा सूर प्रकाशाच्या सुमारे एक-तृतीयांश वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा. काही मिनिटे रेंगाळणारा सूर सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाच्या आघात-तरंगाचा. हा तरंग प्रोटॉनांनाही प्रचंड ऊर्जा देऊ शकतो आणि अंतराळवीरांना खरी भीती या प्रोटॉनांचीच.

ही भीती काल्पनिक नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावरून प्रोटॉनांचे मोठे वादळ आले. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतले होते, अपोलो १७ डिसेंबरमध्ये निघायचे होते. मधल्या काळात चंद्रावर कोणी नव्हते, हे नशीब.

या कथेत कल्याणही आहे. गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नांनी ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या ३२ लहान तबकड्या १९६५ मध्ये तेथे सूर्याच्या निरीक्षणासाठी उभ्या राहिल्या. आज कर्नाटकातील गौरीबिदनूरची वेधशाळा सूर्याचे हे सूर टिपते. मात्र साधारण दहा मेगाहर्ट्‌झच्या खालचे सूर पृथ्वीचे आयनांबर अडवते. कणांचा पुढचा माग १९९४ मध्ये सोडलेल्या ‘विंड’सारख्या यानांनी अवकाशातूनच काढावा लागतो.

कण प्रत्यक्ष येऊन थडकेपर्यंत थांबणे परवडत नाही. रेडिओलहर सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीपाशी पोचते. सर्वांत वेगवान कण त्यानंतर थोड्याच वेळात. आडोसा गाठायला हाती असतो, तो एवढाच अवधी.