प्रभातची वाटणी

थोरल्या बंधूंचा नातू परवां वाशीहून आमच्या नेरुळच्या बिऱ्हाडीं आला, तो खिन्न मनानें. कारण विचारतां कळलें, कीं 'गायनॅक्स' नांवाची जपानी चित्रपटसंस्था बुडाल्याचें दुःख त्यास अजूनहि होत आहे. चितारलेल्या चित्रांचे जे जपानी चित्रपट आजचीं मुलें 'ॲनिमे' म्हणून आवडीनें पाहतात, त्या क्षेत्रांतील ही नामांकित संस्था. कांहीं तरुण कलावंतांनीं ती १९८४ सालीं काढली. १९९५ सालच्या 'इव्हॅन्जेलिअन' मालिकेनें तिची कीर्ति जगभर नेली. आणि २०२४ च्या मे महिन्यांत तिनें तोकियोच्या न्यायालयांत दिवाळखोरीचा अर्ज दिला. "धाकटे आजोबा, तिचे मोठे दिग्दर्शक आन्नो ह्यांनीं २००६ सालीं स्वतःची वेगळी संस्था काढली, तेव्हांच ती संपली," असें तो म्हणाला.

परक्या देशांतील संस्थेसाठीं इतकी हळहळ पाहून कित्येक वाचकांस हसूं येईल. आम्हांस आलें नाहीं. कारण हेंच वाक्य, केवळ नांवें निराळीं, आम्हीं लहानपणीं वडिलांच्या तोंडून ऐकलें होतें. त्यांची संस्था होती 'प्रभात'.

१ जून १९२९ रोजीं कोल्हापुरास विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीताराम कुळकर्णी ह्या पांच भागीदारांनीं 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापिली. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत तयार झालेले. पांचवे भांडवलाची बाजू सांभाळणारे. दामल्यांकडे ध्वनि, फत्तेलालांकडे नेपथ्य व कला, धायबरांकडे छायाचित्रण, शांतारामांकडे दिग्दर्शन, अशी ती एकत्र कुटुंबासारखी मांडणी होती. १९३३ सालीं हें बिऱ्हाड पुण्यास आलें. १९३६ सालचा 'संत तुकाराम' मुंबईस वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढच्या सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. जरठ वराशीं लावलेलें लग्न मनानें न मानणारी 'कुंकू'ची नायिका १९३७ सालीं आली, आणि हिंदु-मुसलमान मित्रांची कथा सांगणारा 'शेजारी' १९४१ सालीं. आमच्या लहानपणीं दूरदर्शनवर प्रभातचा चित्रपट लागला, कीं तुतारी फुंकणारी ती स्त्री दिसतांच वडील हात वर करीत आणि आम्हां मुलांस गप्प बसवीत.

१९४२ सालीं शांतारामांनीं वेगळें होऊन मुंबईस परळ येथें 'राजकमल' काढलें. वडिलांचा निवाडा ठरलेला असे : शांताराम गेले, प्रभात गेली.

पुढें सनावळी जुळवून पाहतां हा निवाडा आम्हांस अपुरा वाटूं लागला. धायबर तर त्यापूर्वींच बाहेर पडले होते. शांताराम गेल्यावरहि १९४४ सालीं प्रभातनें 'रामशास्त्री'सारखा चित्रपट दिला. परंतु १९४५ सालीं दामले निवर्तले. महायुद्धामुळें कच्च्या फिल्मची टंचाई होती. शिवाय पगारी नोकरांचा मोठा संसार चालवावयाचा, आणि बाहेर तर एकेका चित्रपटापुरते नटनटी भरमसाट मोबदल्यानें बांधून घेण्याची रीत पडली. १९५३ सालीं कंपनी बंद झाली. एका माणसाच्या जाण्यानें घर पडलें नाहीं. एक एक खांब निघत गेला आणि त्या जागीं दुसरा कोणी उभा राहिला नाहीं.

बाहेर पडलेल्यांनीं विद्या मात्र बरोबर नेली. राजकमलच्या 'दो आंखें बारह हाथ'मध्यें (१९५७) प्रभातचें वळण दिसतें, आणि प्रभातच्याच आवारांत १९६० सालीं सरकारनें चित्रपटविद्येची संस्था उघडली. नातवास आम्हीं विचारलें, "आन्नो गेल्यावर तुझ्या गायनॅक्सनें कांहींच केलें नाहीं काय ?" तो थांबला. मग म्हणाला, कीं २००७ सालीं तिची 'गुरेन लगान्न' ही उत्तम मालिका निघाली. ती करणारे कलावंतहि पुढें २०११ सालीं निघाले आणि त्यांनीं 'ट्रिगर' काढली.

येथें आमच्या घरची गोष्ट सांगणें भाग आहे. १९८५ सालीं थोरले बंधू पुण्याच्या वाड्यांतून वेगळे होऊन वाशीस सिडकोच्या घरांत आले. सहा वर्षांनीं वाडा विकला गेला, आणि आम्हीं सर्वांनीं त्याचा दोष त्यांच्याच माथीं मारला. वस्तुतः वडिलांच्या पश्चात् हिशेबाची वही कोणी उघडली नव्हती. डागडुजीचें नांव कोणी काढीत नव्हतें. एका पंक्तीस बसून आम्ही भाऊ घरच्या कामाविषयीं बोलत नव्हतों. थोरल्यांनीं तें दोनदां काढलें, तेव्हां आम्हीं विषय बदलला. नेरुळाहून वाशी ती कितीशी दूर ! तरी कार्याप्रसंगींच गांठ पडे.

एकत्र घर असो वा कलासंस्था, जाणाऱ्यास बोल लावणें सोपें असतें. मागें राहिलेल्यांनीं काय सांभाळलें, हा प्रश्न अवघड. तो विचारण्यास आम्हांस चाळीस वर्षें लागलीं. वाचकांनीं इतका विलंब करूं नये.

गेल्या रविवारीं आम्ही वाशीस गेलों. नातवानें 'संत तुकाराम' लावला. तुतारी वाजली, आणि थोरल्या बंधूंनीं, थेट वडिलांसारखा, हात वर केला. आम्ही गप्प बसलों.